ठराव मंजूर, तळे बंद

महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुले करण्याचा ठराव संमत केला. ही सुबुद्धी महाडात आपोआप उगवलेली नव्हती. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने व कचेऱ्या सर्वांना खुल्या असाव्यात, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात मांडला होता. तो मंजूर झाला, सरकारने त्याचे परिपत्रक काढले, आणि ते परिपत्रक फिरत फिरत तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील या गावी येऊन पोहोचले. महाडने ते वाचले, हात वर केले, इतिवृत्तात नोंद केली आणि सभा संपवली.

त्यानंतर तीन वर्षे तळ्यावर काहीही घडले नाही. सवर्ण पाणी भरत होते, मुसलमान भरत होते, गुरेढोरेही पाणी पीत होती. ज्यांच्यासाठी ठराव केला होता, तेवढेच लोक तळ्याकडे जाऊ शकत नव्हते. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्याच्या अलीकडची ही तीन निवांत वर्षे अधिक खुपतात. ठराव आहे, त्याच्यावर सही-शिक्का आहे, आणि त्या ठरावामुळे कोणाचेही काही बिघडलेले नाही, असा तो काळ होता. पुढे १९ व २० मार्च १९२७ रोजी परिषद भरली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसे तळ्यावर गेली आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्यायले. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठवून जमावाने परिषदेच्या लोकांवर हल्ला केला, आणि नंतर एकशे आठ घागरींनी तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. नगरपालिकेने १९२४ चा ठराव ४ ऑगस्ट १९२७ रोजी रद्द केला. बोले यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती, हे सभेत कोणाच्या लक्षात आले असेल असे वाटत नाही.

या दोन मतदानांत विसंगती आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. मला ती दिसत नाही. पहिल्या वेळी मत एका वाक्याला दिले होते. दुसऱ्या वेळी ते पाण्यात उभ्या असलेल्या माणसांविषयी द्यायचे होते, आणि तेव्हा सभासदांना खरोखर काय वाटते ते बाहेर आले. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे यांच्यासारखे काही सवर्ण या लढ्यात आंबेडकरांच्या बाजूने उभे राहिले, म्हणून ‘सगळे गाव’ असा शब्द मी वापरणार नाही. परंतु संस्थेचे मत म्हणून जे नोंदले गेले, ते हेच.

आमच्या गावाचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. गाव अलिबाग आणि रेवदंडा यांच्या मधल्या पट्ट्यातले, नारळी-पोफळीच्या वाड्यांचे. ग्रुपमध्ये गावात राहणारे थोडे, मुंबई-ठाणे-पनवेलचे चाकरमानी अधिक, काही आखातातले आणि चार-दोन घरे अमेरिकेत स्थायिक झालेली. अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा गोऱ्या पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला, तेव्हा टाळेबंदीमुळे सारे घरीच होते आणि ग्रुप दिवसभर जागा असे. त्या बातमीखाली जोडलेल्या हातांची आणि अंगठ्यांची रांग लागली. माणसाला रंगावरून मारणे हे माणुसकीला काळिमा फासणारे आहे, असे एका ज्येष्ठ काकांनी लिहिले, आणि त्यांच्या वाक्याला ग्रुपमध्ये क्वचितच मिळते तेवढी पसंती मिळाली. त्यात लटके काही नव्हते. लोकांना मनापासून वाईट वाटले होते.

सिॲटलच्या नगरपरिषदेने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी नगरपरिषदेच्या सदस्या क्षमा सावंत यांचा प्रस्ताव सहा विरुद्ध एक मतांनी संमत केला आणि जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. अमेरिकेतील एखाद्या शहराने असे करण्याची ती पहिलीच वेळ होती. ही बातमीही ग्रुपवर आली. या वेळी हात जोडले गेले नाहीत. ‘परदेशात आपल्या लोकांची बदनामी’ असा सूर लागला. ‘तिकडे कुठे आहे जात?’ असे तिकडच्याच एकाने विचारले. आणि लगेच कोणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊन विषय पुढे सरकवला. त्याच सुमारास आमच्या बौद्धवाडीतील एका तरुणाने, जो पनवेलला नोकरी करतो आणि एरवी ग्रुपवर फारसा बोलत नाही, दोन ओळी लिहिल्या: ‘आपल्या गावात स्मशाने दोन का आहेत? आणि पक्का रस्ता, शेड, पाणी एकाच स्मशानाला का आहे?’

प्रश्न इतका साधा होता की त्याला उत्तर देता आले असते. जमीन कोणाची, निधी कोणत्या वर्षी आला, दुसऱ्या जागेची नोंद कोणत्या उताऱ्यावर आहे, हे सांगणारी माणसे ग्रुपमध्ये होती. उत्तर आले नाही. एकाने लिहिले, ‘दादा, हा विषय इथे नको. सणासुदीला सगळे एकत्र येतो, तेवढे पुरे आहे.’ मग ॲडमिनने मतदान लावले: ‘ग्रुपवर असे विषय असावेत का? होय / नाही.’ ‘नाही’चा आकडा भराभर वाढत गेला. ‘होय’मध्ये माझे नाव होते. त्या होकाराला किती मोल द्यायचे, याचा अंदाज महाडच्या १९२४ च्या ठरावावरून कोणालाही करता येईल.

त्या मतदानाविषयी दोन गोष्टी मला तेव्हापासून विचार करायला लावतात. पहिली अशी की स्मशानांविषयी मत कोणी मागितलेच नाही. विचारलेला प्रश्न आणि मतास टाकलेला प्रश्न वेगवेगळे होते. दोन स्मशाने असावीत का, असे विचारले असते तर ‘असावीत’ असे लिहिणारा बहुधा एकही निघाला नसता. म्हणूनच ते विचारायचे नव्हते. अस्वस्थ करणाऱ्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणे अवघड असते, म्हणून तो इथे विचारावा का, आत्ताच विचारावा का, या शब्दांत विचारावा का, असा शेजारचा सोपा प्रश्न उभा करून त्यावर बहुमत घेतले जाते. ही रीत आमच्या ग्रुपने शोधलेली नाही. पॅरिसच्या शांतता परिषदेत ११ एप्रिल १९१९ रोजी जपानने राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) करारात राष्ट्रांच्या समानतेचे व त्यांच्या नागरिकांना न्याय्य वागणूक देण्याचे तत्त्व घालण्याचा प्रस्ताव मतास टाकला, तेव्हा १७ पैकी ११ मते अनुकूल पडली. बहुमत स्पष्ट होते. अध्यक्षस्थानी असलेल्या अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी अशा बाबतीत एकमत आवश्यक आहे असा निर्णय दिला आणि प्रस्ताव पडला. वंशाच्या प्रश्नाचे उत्तर सभाशास्त्राने दिले. दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे २००१ मध्ये वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा भारतातील दलित संघटनांनी जातीचा उल्लेख घोषणापत्रात यावा म्हणून आटापिटा केला आणि आपल्या सरकारने जात म्हणजे वंश नव्हे, असे सांगून त्यास विरोध केला. समाजशास्त्राच्या दृष्टीने त्या विधानावर गंभीर चर्चा होऊ शकते, होतेही. परंतु त्या सभागृहात त्या विधानाने केलेले काम चर्चा सुरू करण्याचे नव्हते.

दुसरी गोष्ट मतदानाच्या रीतीची. व्हॉट्सॲपवरच्या मतदानात कोणी काय निवडले हे सर्वांना नावानिशी दिसते. निवडणुकीत आपण पडद्याआड मत देतो, त्याची सवय आता इतकी झाली आहे की ते गुप्तपण कशासाठी आणले होते, याचा विसर पडतो. ग्रुपवर ‘होय’ दाबणाऱ्याला आपला चुलता, आपला सावकार, आपल्या मुलीच्या सासरचे लोक, वाडीच्या बांधावरून ज्याच्याशी तंटा चालू आहे तो शेजारी, हे सारे पाहत असल्याची जाणीव असते. असा आकडा नात्यागोत्यांची आणि व्यवहाराची मोजदाद करतो. त्यातून विचार किती कळतो, याबद्दल मला शंका आहे. कोकणात तर या भीतीला चांगलाच आधार आहे. गावकीचा निर्णय मतमोजणीने होत नसे. ‘गावकीने ठरवले’ एवढेच कळत असे, कोणी ठरवले ते कळत नसे, आणि न मानणाऱ्याला वाळीत टाकले जाई. त्याच्याशी बोलायचे नाही, त्याच्या घरच्या कार्याला जायचे नाही, पालखी त्याच्या दारी न्यायची नाही. रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी एकामागून एक येत राहिल्या, त्यांची भर पडून महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला आणि तो २०१७ मध्ये अमलात आला. ज्या प्रदेशात असा कायदा लागतो, तेथे नावानिशी घेतलेल्या मतदानातील शांतता ही संमती समजणे भाबडेपणाचे आहे.

वंश आणि रंग हे विषय कोकणाला परके आहेत, असे म्हणणाऱ्यांना मी आमच्याच किनाऱ्यावरच्या बेने इस्रायल या ज्यू समाजाची गोष्ट सांगतो. जहाज फुटून वाचलेले सात पुरुष आणि सात स्त्रिया अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. नवगावला त्यांचे दफनस्थान दाखवतात आणि तेथे स्मारकही आहे. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून भोवतालच्या गावांनी त्यांना शनवार तेली म्हटले आणि आपल्या जातीच्या उतरंडीत एका पायरीवर बसवून टाकले. रोह्याचे ते रोहेकर, पेणचे ते पेणकर, रेवदंड्याचे ते रेवदंडकर झाले. मराठी त्यांची मायबोली झाली. आणि या समाजाच्या आतही गोरे आणि काळे असे दोन भाग होते. गोरे म्हणजे दोन्हीकडून मूळच्या कुळातले. काळे म्हणजे समाजातील पुरुष आणि बाहेरच्या स्थानिक स्त्रिया यांची संतती. कातडीचा रंग पाहून ही वाटणी होत नव्हती, वंशावळ पाहून होत होती. नाव मात्र रंगाचे होते. गोऱ्यांचे काळ्यांशी लग्नसंबंध होत नसत. शेजाऱ्यांकडून जात शिकायला समुद्रमार्गे आलेल्या माणसांनाही फार वेळ लागला नाही.

इस्रायलची स्थापना झाल्यावर यातील पुष्कळ कुटुंबे तिकडे गेली. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच, आपल्याला रंगावरून कमी लेखले जाते अशी तक्रार करीत काहींनी धरणे धरले आणि काही मुंबईला परतलेही. मोठा प्रश्न उभा राहिला तो १९६२ मध्ये. तेथील मुख्य रब्बी (ज्यू धर्मगुरू) मंडळाने, बेने इस्रायल वधूवरांचे लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी, असा आदेश काढला. या लोकांत मध्यंतरीच्या शतकांत बाहेरच्यांचे रक्त मिसळले असावे, त्यांचे काडीमोड आणि पुनर्विवाह धर्मशास्त्राप्रमाणे झाले नसावेत, असा संशय त्यामागे होता. म्हणजे अलिबाग-पेणच्या गोऱ्यांनी काळ्यांविषयी जी शंका पिढ्यान्‌पिढ्या बाळगली होती, नेमकी तीच शंका आता सरसकट सर्वांवर घेतली गेली; तेथे गोरा कोण आणि काळा कोण, हा भेद पाहायला कोणी बसलेले नव्हते. १९६४ च्या उन्हाळ्यात हे लोक बायकामुलांसह जेरुसलेमच्या रस्त्यावर येऊन बसले, आणि ऑगस्टमध्ये क्नेसेटला, म्हणजे तेथील संसदेला, बेने इस्रायल हे सर्व बाबतीत इतर ज्यूंप्रमाणेच ज्यू आहेत, असे जाहीर करावे लागले. त्यानंतर रब्बी मंडळाने आदेशातून या समाजाचे नाव काढले.

आपण कोण आहोत याचा निकाल दुसऱ्यांच्या बहुमताने लागावा, यात अपमान आहेच, आणि तो निकाल आपल्या बाजूने लागला तरी अपमान पूर्ण जात नाही. तरीही १९६४ च्या त्या ठरावाला मी महाडच्या १९२४ च्या ठरावाच्या पंक्तीला बसवणार नाही. क्नेसेटच्या सभासदांनी मत दिले तेव्हा ज्यांच्याविषयी मत द्यायचे ती माणसे रस्त्यावर येऊन बसली होती. ठरावामुळे काहीतरी बदलणार होते, एका बलाढ्य संस्थेला नमते घ्यावे लागणार होते, सरकारला त्याचा त्रास सोसावा लागणार होता. होकाराला किंमत होती म्हणून त्या होकाराला अर्थ होता.

जंजिऱ्याविषयी थोडक्यात सांगतो. राजपुरीहून शिडाच्या होडीतून किल्ल्यावर जाताना पर्यटकांना सिद्दींच्या आरमाराच्या, तोफांच्या आणि अजिंक्यपणाच्या गोष्टी ऐकवल्या जातात, आणि त्या चवीने ऐकल्याही जातात. आफ्रिकेतून ही माणसे येथवर कशी आली, त्यांतील किती विकली गेली होती, हे विचारणारा पर्यटक विरळा. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला, हे वाक्य शाळेत आपण पाठ करतो. त्यातील पहिले चार शब्द किती झटकन म्हणून टाकतो, ते पाहण्यासारखे आहे. जे शेकडो वर्षांपूर्वी मेले त्यांच्या वंशाविषयी बोलायला कोणाची हरकत नसते, कारण त्यांना आता कोणत्याही स्मशानात जागा द्यायची नसते.

अस्वस्थ करणारा विषय समूहाने हाताळावा कसा, याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. पुन्हा महाडच. २५ डिसेंबर १९२७ रोजी दुसरी परिषद भरली तेव्हा परिस्थिती बिकट होती. तळ्याच्या परिषदेसाठी जागा देण्यास हिंदूंपैकी कोणी तयार झाले नव्हते, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली होती. विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणला होता. तो मोडून तळ्यावर जायचे की थांबायचे, हा प्रश्न परिषदेपुढे आला. जमलेल्यांची मने तापलेली होती, मार्चमधला मार ते विसरले नव्हते, आणि हात वर करायला सांगितले असते तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. त्या लोकांनी आधी ऐकून घेतले. सत्याग्रह करावा म्हणणारे बोलले, करू नये म्हणणारे बोलले, आणि न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत थांबा असे सांगायला आलेल्या जिल्हाधिकाऱ्यांनाही व्यासपीठावरून बोलू दिले. गर्दीला नको असलेले बोलणे गर्दीनेच शांतपणे ऐकून घेतले, आणि मग भावना एकीकडे असताना तळ्यावर जाणे तहकूब करण्याचा, अनेकांना कडू वाटणारा, निर्णय आंबेडकरांनी त्यांना पटवून दिला. लोक मिरवणुकीने शहरातून फिरून तळ्याभोवती गेले आणि पाण्याला हात न लावता परतले. ज्यांना अडाणी म्हटले जात होते, त्यांची ही सभा होती.

खटला मुंबई उच्च न्यायालयात संपायला १७ मार्च १९३७ उजाडला. तेथे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी महाडात किती जणांना काय वाटते, हे विचारले नाही. तळे आपलेच आहे आणि इतरांना वगळण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, असे विरोधकांचे म्हणणे होते. तसा पुरावा द्या, एवढेच त्यांना सांगण्यात आले, आणि पुरावा निघाला नाही. ‘पूर्वीपासून असेच आहे’ हे वाक्य नऊ वर्षांहून अधिक काळ तीन न्यायालयांत फिरले आणि शेवटी त्याला कागद सापडला नाही.

आमच्या ग्रुपवर ॲडमिनने आता अशी सोय केली आहे की संदेश फक्त ॲडमिनच पाठवू शकतात. गणपतीच्या गाड्यांची आरक्षणे, नारळाचे भाव आणि निधनाच्या वार्ता नियमित येतात. त्या तरुणाने ग्रुप सोडला नाही, रागावून काही लिहिलेही नाही. त्याने स्मशानांचा प्रश्न लेखी अर्ज करून ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घेतला, सोबत दोन्ही जागांचे सातबारा उतारे आणि गेल्या काही वर्षांत कोणत्या कामावर किती खर्च झाला त्याची माहिती अधिकारात मिळवलेली पाने जोडली. सभा २ ऑक्टोबरला होती. गणपतीला आलेले चाकरमानी तोवर परत गेले होते, गावातले पुष्कळ जण त्या दिवशी नेमके कामात निघाले, आणि गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते आणि तिच्यापुढे आधीच्या विषयपत्रिकेवरचेच विषय येतात, हे त्याने ग्रामसेवकांना विचारून घेतले आहे. त्याचा विषय सातव्या क्रमांकावर आहे.